अंगठे

नोव्हेंबरात कुओपिओला तीनलाच अंधारून येतं.
मी दिवा लावते
आणि माणसं पुसायला बसते.

तसं कामच आहे. जुन्या बोटींची इंजिनं
जिवंत ठेवणाऱ्यांचं मंडळ, सभासद अकरा हजार,
आणि प्रत्येकाच्या नावापुढचा आकडा ज्यातून निघतो
ते सॉफ्टवेअर माझ्या हवाली.
उत्तर उपयोगी पडलं की खाली अंगठा.
शंभर अंगठ्यांना पितळी नांगर, हजाराला चांदीचा
(शेतातला नव्हे, पाण्यात टाकायचा).
तीन वर्षं जो फिरकला नाही, त्याचं खातं काढायचं.
खातं गेलं की त्यानं दिलेले अंगठेही गेले.
नियम मी केला नाही.
टंकला मात्र मीच.

लोक भांडतात. तुर्कूच्या एकानं दोन अंगठ्यांसाठी
मला साडेतीन पानं लिहिली.
एकानं बायकोच्या, मेहुण्याच्या,
शेवटी कुत्र्याच्या नावानं खाती उघडली
आणि स्वतःला दाद देत राहिला.
मोजणं माझं, दाद त्यांची.
या मोजदादीत माझा पगार निघतो.

उर्पो तिर्क्कोनेन, वय एक्याऐंशी,
चांदीचा नांगर, दोन हजार तीनशे अठरा.
त्याची उत्तरं एवढुशी:
‘कार्ब्युरेटरला हात लावू नका. आधी प्लग बघा.’
‘आवाज कसा येतो ते लिहा.
तुम्हाला काय वाटतं ते नको.’

त्याचा फोन आला सोमवारी.
‘एकोणीसनं कमी झालोय मी.’
मी सुरू केलं, कायदा, खासगी माहिती, साठवण्याची मुदत,
पाठ झालेलं सगळं.
‘ते राहू दे, पोरी,’ म्हणाला,
‘कोण गेलं, ते सांग.’

सांगता येत नाही.
पुसल्यावर मलाही दिसत नाही.

तिकडे किटलीचं झाकण वाजत होतं.
कुणी उतरवत नव्हतं.
‘एक तो इनारीचा असणार,’ बऱ्याच वेळानं म्हणाला.
‘दर जूनला विचारायचा, पाण्याचा पंप पाणी ओढत नाही.
दर जूनला तेच. माझं उत्तर त्याला पाठ होतं.’
मग विचारायचा कशाला?
‘सरोवर मोकळं झालं हे कळवायला.
आणखी कसं कळवणार?’

त्या रात्री मी ती ओळ शोधून काढली.
सभासद वजा, म्हणून त्याचे अंगठेही वजा.
एकच ओळ. दोनदा तपासली,
पुढे दोन तिरप्या रेघा मारल्या,
यंत्रानं ती वाचायची सोडली.
आता माणूस जातो, अंगठा राहतो.
कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नाही,
पण राहतो, दुसऱ्याच्या नावाखाली,
दाराच्या चौकटीवर तेलकट हात उमटून राहावा तसा.
कुणाला विचारलं नाही. कुणाला सांगितलंही नाही.
घरी जाताना पुलावर वारा एवढा होता
की टोपी हातात धरून चालले,
आणि उगाचच बरं वाटत होतं.

मार्चमध्ये पुन्हा फोन.
आवाज खाली गेलेला, मधेच खोकला,
पण मजेत होता.
‘पोरी, हिवाळाभर रोज सकाळी बघतोय.
एकानंसुद्धा कमी झालो नाही.’
मी म्हटलं, हो का.
‘म्हणजे सगळे आहेत ना?’

बाहेर नगरपालिकेचा माणूस
पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होता.
पडद्यावर त्या आठवड्याची यादी उघडी होती,
एकतीस नावं, पुसायची.

‘आहेत,’ म्हटलं.

‘मग त्या इनारीच्याला जूनमध्ये मीच विचारतो,’ म्हणाला,
‘पंपाचं काय झालं ते.’